काल्पनिक जगासाठी भाषा: नावांपुरती की व्याकरणासकट?

नकाशावाला
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या (२०१४) नियमांवर स्वतःचं जग रचतोय. किनाऱ्यावर खलाशी, डोंगरात खाणवाले. हजार वर्षांपूर्वी दोघांवर एकाच साम्राज्याचं राज्य होतं, त्यामुळे भाषा सख्ख्या बहिणी. खेळ मराठीतूनच चालतो. शब्द किती करावे लागतील? नावं आपोआप बनवून देणाऱ्या जनरेटरमधली नावं एकमेकांशी नातं सांगत नाहीत, ती कशी जुळवायची? आणि टेबलावर भाषेचा उपयोग काय? खेळाडू 'मला येते ही भाषा' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

धातुपाठ
दोन भाषा करू नका. आई एकच करा, ३०-४० शब्दांची, आणि मुली नियमांनी काढा. डोंगर, नदी, गड, मीठ, राजा, जुना, नवा, काळा, थोरला, धाकटा: नकाशावर आणि माणसांच्या नावांत जे येतं तेवढंच. व्यंजनं डझनभर, स्वर चार. कुठले उच्चार *नाहीत* हे आधी ठरवा, भाषेचा चेहरा त्यानेच बनतो. महाप्राण (ख, घ, थ, ध, भ) आणि ट-वर्ग काढून टाकलात की मराठी कानाला ती लगेच परकी वाटते.

उदाहरणार्थ आईचे चार शब्द: तपिना (गड), दगुला (राजा), सर्वा (नदी), करुता (डोंगर).

किनाऱ्याचे नियम, याच क्रमाने:
१. दोन स्वरांमधले ब, द, ग गळतात.
२. दोन स्वरांमधले प, त, क यांचे ब, द, ग होतात.
३. व्यंजनाआधीचा र गळतो आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो.
→ तबिना, दउला, सावा, करुदा.

डोंगराचे नियम:
१. शब्दाच्या शेवटचा स्वर गळतो.
२. ब, द, ग यांचे सगळीकडे प, त, क होतात.
३. सुरुवातीच्या स चा ह होतो.
→ तपिन्, तकुल्, हर्व्, करुत्.

नियम प्रत्येक शब्दाला लावा, आवडत्या नावाला सूट नाही. संस्कृतातल्या हस्त, सप्त यांचं प्राकृतात हत्थ, सत्त झालं. पंजाबीने ते जोड तसेच ठेवले. मराठीने एक व्यंजन टाकलं आणि स्वर लांबवला: हात, सात. कर्ण-कान, दुग्ध-दूध हीच वाट. या शिस्तीमुळेच नातं ऐकू येतं.

बहुतेक घोळ क्रमात होतो. किनाऱ्याचा दुसरा नियम आधी लावलात तर तपिनाचा तबिना होतो आणि पहिला नियम त्यातला ब खाऊन तइना करतो. मग स्वरांमधे ब, द, ग उरतच नाहीत आणि सगळी भाषा नुसत्या स्वरांची होते. क्रम वहीत लिहून ठेवा.

शेवटी प्रत्येक नाव मोठ्याने म्हणा. राजाचा गड किनाऱ्यावर 'दउलातबिना' होतो आणि पहिल्याच सेशनला कुणीतरी 'दौलताबाद' म्हणणार. आवडत असेल तर राहू द्या, पण मग तिथे गंभीर प्रसंग ठेवू नका. भाजी, आडनाव किंवा शिवी ऐकू आली तर मात्र मूळ शब्दच बदला.

वीसबाजू
उपयोगाचं सांगतो. नियमपुस्तकात भाषा येते किंवा येत नाही, मधलं काही नाही. नवी शिकायला २५० दिवस, रोज एक सोन्याचं नाणं. बहिणींच्या जगात हे टिकत नाही, म्हणून तीन पायऱ्या करा: मोडकीतोडकी, कामचलाऊ, अस्खलित. एक बहीण अस्खलित येणाऱ्याला दुसरी आपोआप मोडकीतोडकी येते. साध्या बोलण्याला फासा टाकायला लावू नका. करार, धमकी, विनोद असेल तेव्हाच बुद्धिमत्तेचा फासा, डीसी (गाठायचा आकडा) १२ ते १५. चुकला तर 'काही कळलं नाही' म्हणू नका, अर्धवट अर्थ द्या. 'उद्या, पूल आणि कुणाचं तरी लग्न की श्राद्ध' एवढ्यावर खेळाडू तासभर वाद घालतात.

पहिल्या पातळीचा भाषा समजण्याचा मंत्र विसरू नका. रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून टाकला तर स्लॉट (मंत्रांच्या मोजक्या वापरांपैकी एक) जात नाही, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात, आणि तो तासभर टिकतो. त्यामुळे 'हा शिलालेख कोण वाचणार' हे कोडं पहिल्या पातळीलाच मरतं. पण त्याने नुसता शब्दशः अर्थ कळतो, उत्तर देता येत नाही, आणि लिखाणाला हात लावावा लागतो, पानाला एक मिनिट. शिलालेख दरीपलीकडच्या कड्यावर कोरा. किंवा शब्द कळूनही संदर्भ लागेल असं लिहा: 'थोरल्या बहिणीच्या सावलीत पुरलं' यातली थोरली बहीण म्हणजे खाणवाल्यांच्या बोलीतलं एक शिखर.

खुर्दबुद्रुक
धातुपाठ यांची पद्धत बरोबर आहे, पण वेळ मोजका असेल तर मी ध्वनिनियमांना शेवटचा नंबर देईन. खेळाडूंच्या कानावर गावांची नावं पडतात, दोन-तीन अभिवादनं, एखादी शपथ. बस्स. म्हणून गावांचे पाच-सहा प्रत्यय आधी करा आणि त्यांचे थर लावा. आपल्याकडे एकाच गावाच्या दोन वस्त्यांना खुर्द आणि बुद्रुक लागतं, ते फारसी राजवटीचं देणं. मूळ गावाचं नाव त्याहून जुनं. तसंच साम्राज्याचा प्रत्यय ठाणी, बाजार, जकातनाके यांनाच लावा, आडरानातल्या पाड्यांना नाही. नकाशा बघून खेळाडू न सांगता ओळखतील की सैन्य कुठपर्यंत पोचलं होतं.

व्याकरणातली एकच गोष्ट घ्या, पण कथानकाला अडकवा. मराठीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' वेगळं, हिंदीत दोन्हीला 'हम'. डोंगरी भाषेत हा भेद ठेवा, किनारीत नको. जुन्या तहाच्या किनारी प्रतीत 'खाण आमची' आणि 'खाण आपली' असे दोन्ही अर्थ निघतील असा, हिंदी 'हमारी'सारखा एकच शब्द लिहिलाय. ऐकणारे त्यात धरले की नाहीत? डोंगरी प्रतीत स्पष्ट असेल, म्हणूनच ती कुणीतरी गायब केली. वरचा मंत्र इथे कामाचा नाही, कारण मजकुरातच भेद नाही.

आणि कृपा करून खेळातल्या काल्पनिक जमातींना, म्हणजे गॉब्लिनांना वऱ्हाडी आणि बुटक्यांना मालवणी, असं देऊ नका. पहिली दहा मिनिटं हशा, मग त्या जमातीचा कुठलाच प्रसंग कुणी मनावर घेत नाही. शिवाय टेबलावर कुणाच्या तरी घरची बोली असते. वेगळेपण संबोधनातून आणा: खाणवाले राजालाही 'तू' म्हणतात, खलाशी लहान पोरालाही 'आपण'.

नकाशावाला
तहाची युक्ती उचलतो. लिपी दोघांना एकच ठेवू की वेगळी?

वीसबाजू
एकच, पण लिपी आणि भाषा वेगवेगळ्या मोजा. पुस्तकातही बुटक्यांची लिपी राक्षस, गॉब्लिन, ऑर्क सगळे वापरतात. लिपी येते पण भाषा नाही, तो मजकूर मोठ्याने वाचू शकतो, अर्थ दुसऱ्याने लावायचा. एका कोड्यात दोन खेळाडूंना काम मिळतं. उलटही करा: मोडीतला कागद मराठीतच असतो, पण मोडी न शिकलेल्याला वाचता येत नाही. साम्राज्याच्या कारकुनांची अशी एक लपेटी लिपी ठेवा. ती वाचू शकणारा एकच म्हातारा एनपीसी (खेळ चालवणाऱ्याच्या हातातलं पात्र) शहरात असू द्या, आणि त्याची फी जबर ठेवा.