कार्यालयातलं लग्न: फ्लॅश टीटीएलवर की मॅन्युअलवर?

खटका
छत पांढरं आणि दहा-अकरा फुटांवर असेल, आणि फ्लॅशचा उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर आणायचा (बाऊन्स) असेल, तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर ठेवू नये, जोर हाताने ठरवावा (मॅन्युअल), असं माझं स्पष्ट मत. टीटीएल काय करतं? आधी एक बारीक चमक सोडतं, परत आलेला उजेड लेन्समधून मोजतं आणि खऱ्या चमकेला किती जोर द्यायचा ते ठरवतं. समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे, असं धरूनच हे चालतं. आता मंगलाष्टकं चालू असताना फ्रेमच्या मधोमध काय असतं? अंतरपाट, पांढरंशुभ्र कापड. कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर झाला, तो जोर कापतो आणि वधूमागे उभे असलेले मामा एक-दीड स्टॉप काळवंडतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). अंतरपाट खाली आला की पुढच्याच फ्रेममध्ये हिरवा शालू आणि मागे काळे कोट. मग तोच फ्लॅश जोरात उडतो, कपाळं आणि मुंडावळ्यांचे मोती पांढरेफटक. दोन फोटोंत अंतर अर्ध्या सेकंदाचं, उजेड मात्र दोन वेगळ्या लग्नांतला.

मॅन्युअलला सुरुवात अशी करा: आयएसओ ८००, एफ/४, शटर १/१६०, फ्लॅशचं झूम ५०, हेड वर आणि किंचित मागे, पॉवर १/८, म्हणजे पूर्ण जोराचा आठवा भाग. २०० झूमला ६० गाईड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) असलेल्या फ्लॅशला हे जवळपास बसतं. गुरुजी मांडामांड करत असतानाच एक फोटो काढून चेहरा बघायचा, १/३ स्टॉपच्या एक-दोन पायऱ्या इकडेतिकडे करायच्या, आणि अक्षता पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

रातपाखरू
हात लावायचा नाही कसा? वधू दोन मीटरवर आहे तोवर ठीक. मागे सरकून चार मीटरवरून दोन्हीकडची मंडळी घेतलीत की अंतर दुप्पट, उजेड पाव. दोन स्टॉप गेले. टीटीएल हे दर खटक्याला सांभाळतं. अंतरपाटावर इलाज आहे: कापड समोर असेपर्यंत फ्लॅश कॉम्पेन्सेशन (टीटीएलने ठरवलेला जोर हाताने कमी-जास्त करायचं चाक) +१, काळे कोट आले की -२/३. नाहीतर एफई लॉक वापरा, निकॉनवर त्यालाच एफव्ही लॉक म्हणतात. चेहऱ्यावर मोजा, लॉक करा, मग फ्रेम बांधा. शिवाय २००४ साली आलेलं कॅननचं ई-टीटीएल टू लेन्सने कळवलेलं फोकसचं अंतरही हिशेबात धरतं, त्यामुळे पांढऱ्या कापडाला ते पूर्वीइतकं फसत नाही.

खटका
ते अंतर हेड सरळ समोर असेल तरच धरलं जातं. छताकडे वळवलंत की तो आकडा बाद, कारण उजेड किती रस्ता कापून येणार हे कॅमेऱ्याला ठाऊकच नसतं. तुमचा दोन स्टॉपचा हिशेबही थेट फ्लॅशचा आहे. बाऊन्समध्ये मोजायचा तो फ्लॅशपासून छत आणि छतापासून चेहरा एवढा रस्ता. दोन मीटरवरच्या माणसासाठी तो चारेक मीटर, चार मीटरवरच्यासाठी सव्वापाच. फरक पाऊण-एक स्टॉप. एवढा तर रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) सहज उचलता येतो.

आणि भर मंगलाष्टकांत +१ वरून -२/३ वर चाक फिरवायचं? मग पॉवर बदलण्यात काय वाईट होतं?

चकमक
वरातीत छत शोधून द्या कुणीतरी. उघड्यावर, नवरदेव घोड्यावर, नाचणारे एक मीटरपासून पाच मीटरपर्यंत. तिथे टीटीएलच, हेड सरळ, आयएसओ १६००. आणि फ्लॅशच्या तोंडावर बसवतात ती दुधाळ प्लास्टिकची डबी बाहेर लावू नका. तिचं काम भिंती-छतावर उजेड उधळण्याचं. उघड्यावर तो उजेड आभाळात जातो, सेल मात्र लवकर बसतात.

दिवाबत्ती
दोघंही अक्षता विसरलात. पूर्ण जोरावर चमक जास्त वेळ टिकते, पॉवर कमी तशी ती आखूड होते. निकॉन एसबी-९०० चे आकडे बघा: पूर्णला १/८८० सेकंद, १/८ ला १/५०००. म्हणून १/८ वर हवेतला तांदूळ दाण्यासारखा दिसतो, पूर्ण जोरावर त्याची रेघ होते. व्हिडिओवाल्याचा एलईडी बोहल्याजवळ असेल तर १/८ वरही दाण्याला शेपूट फुटतं, कारण तो दिवा शटर उघडं आहे तोवर जळतच असतो. अशा वेळी शटर सिंक स्पीडपर्यंत, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरपर्यंत, १/२०० किंवा १/२५० पर्यंत न्या. त्यापुढे गेलात की फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो, आणि हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवायची सोय) लावलंत तर जोर इतका पडतो की बाऊन्स पुरत नाही. एवढं करूनही, फ्लॅशवरचं छोटं पांढरं कार्ड वर ओढलेलं असेल तर ते खाली सारा. नाहीतर लेन्सजवळून जाणाऱ्या दाण्यांवर त्याचा थेट उजेड पडतो आणि नवरीच्या गालावर रुपयाएवढे पांढरे डाग येतात.

आता खटका यांच्या १/८ बद्दल. छत वीस फुटांवर गेलं की रस्ता दुपटीहून जास्त, सुमारे अडीच स्टॉप खर्च. म्हणजे १/८ चं जवळजवळ पूर्ण पॉवर झालं. चार रिचार्जेबल सेलवर पुढच्या पूर्ण चमकेला तीन-चार सेकंद लागतात, आणि ‘सावधान’ काही थांबत नाही. तिथे आयएसओ १६०० करून पॉवर अर्ध्यावर आणा. लागोपाठ पूर्ण जोराच्या चमका मारल्यात तर हेड तापतं आणि फ्लॅश स्वतःच दम खातो.

लाकडी किंवा रंगीत फॉल्स सीलिंग असेल तर या धाग्यातला सगळा वाद फुकट आहे. छताचा रंग थेट चेहऱ्यावर उतरतो. बाजूची पांढरी भिंत बघा.

रातपाखरू
भिंत चालेल, पण भिंतीपासून तुम्ही कधी दोन पावलांवर, कधी दहा. मॅन्युअलचा ‘हात लावायचा नाही’ तिथेच संपला.

मधला मार्ग आहे. काही ट्रिगरवर (कॅमेऱ्यावर बसवून फ्लॅश उडवणारं उपकरण) टीटीएलने मोजलेला आकडा मॅन्युअलमध्ये उतरवायची सोय असते, गोडॉक्सच्या एक्सप्रोवर तिला टीसीएम म्हणतात. कार्यालयात शिरल्यावर जागेवर एक टीटीएल फोटो, आकडा उतरवला, पुढे तोच. जागा बदलली की पुन्हा एक.

खटका
म्हणजे शेवटी मॅन्युअलच, फक्त पहिला अंदाज कॅमेऱ्याचा. मान्य. त्या एका फोटोत अंतरपाट तेवढा नको.