मदत हवी आहे: एरोजेल वाळवताना चुरा होतोय

जेलफुटकं: सिलिका एरोजेलची (जेलमधला द्रव काढून उरणारा हलका, सच्छिद्र पदार्थ) चकती हवी आहे, हाती येतोय रवा. टीईओएस (सिलिका देणारं रसायन), इथेनॉल, पाणी. आधी ऑक्झॅलिक आम्ल, मग अमोनिया. जेल छान बसतं. पुढे हेक्झेनमध्ये १० टक्के टीएमसीएस (छिद्रांच्या भिंतींना पाणी न धरणारं मिथाइल लावणारं रसायन), २४ तास. ओव्हन ६० अंश. चुरा! क्रिटिकल ड्रायर (दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने, म्हणजे सीओटूने वाळवणारं यंत्र) नाही. सोमवारी नमुना द्यायचाय, थिअरी नको.

गाळणी: जाडी? टीएमसीएसआधी इथेनॉल काढलं का? भांड्यावर झाकण होतं? आणि हेक्झेन साध्या ओव्हनमध्ये टाकू नका हो, वाफ पेटते.

कोरडेशास्त्री: हवेत वाळवून अखंड चकती निघणं नशिबाचा भाग. सरळ सीओटू. इथेनॉलच्या जागी द्रव सीओटू भरा, मग ४० अंश, १०० बार. दाब हळूहळू सोडा, पण तापमान ३१च्या खाली जाऊ देऊ नका. छिद्रांत परत द्रव झाला की सगळं मुसळ केरात.

जेलफुटकं: ड्रायर नाही, वरच लिहिलंय.

हिमगौरी: फ्रीझ ड्रायर (गोठवून वाळवणारं यंत्र) असेलच की. टर्ट-ब्यूटेनॉल वापरा, २५ अंशांनाच गोठतं. पुण्याच्या थंडीत तर बाटलीतच दगड होतो.

कोरडेशास्त्री: गोठताना स्फटिक वाढतात, ते सिलिकाचं जाळं बाजूला ढकलतात. पावडर मिळेल, चकती नाही.

हिमगौरी: ते पाण्याचं, ते ९ टक्के फुगतं. याचं तसं नाही.

टाकीवाला: हे गच्चीवरच्या टाकीला उष्णतारोधक म्हणून गुंडाळता येईल का?

गाळणी: त्याचं तयार ब्लँकेट मिळतं. वेगळा धागा काढा.

जेलफुटकं: जाडी १८ मिमी. इथेनॉल एकदा बदललं, मग थेट टीएमसीएस. झाकण नव्हतं.

गाळणी: मग बरोबर आहे. उरलेलं पाणी नि इथेनॉलच टीएमसीएस खाऊन टाकतात, वर हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. छिद्रांच्या भिंतींना मिथाइल लागतच नाही, म्हणून आकसताना त्या एकमेकींना कायमच्या चिकटतात. ५ मिमीची चकती ओता. मुरायचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तुमच्या चकतीला तेरापट. इथेनॉल तीनदा बदला, हेक्झेन तीनदा, दर वेळी १२ तास. टीएमसीएसनंतर ताज्या हेक्झेनने धुवा. झाकणाला सुईने दोन-तीन भोकं पाडून हूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), खोलीच्या तापमानाला वाळवा. आधी आकसेल, मग परत फुगेल. मध्येच घाबरून काढू नका. सोमवार विसरा.

टीएमसीएस घातल्यावर तळाशी वेगळा थर दिसला होता का?

जेलफुटकं: दिसला. हेक्झेन वाटलं.

गाळणी: हेक्झेन वर तरंगतं. खालचं ते उरलेलं पाणी.

जेलफुटकं: 🤦

टाकीवाला: ब्लँकेट किती जाडीचं घेऊ?