मामंजींचा कढत चहा बंद करावा का?

हरिपूरची सून: मामंजी ७४ वर्षांचे. पहाटे संगमेश्वराला जाऊन आले की ओट्याजवळ स्टूल ओढून बसतात. पातेल्यातून कपात, कपातून थेट घशात! बशी चालत नाही. बशीत ओतला की चहाचा जीव जातो म्हणतात. आल्याचा वास घरभर पसरतो, आणि त्यांचा पहिला घोट गेला की मलाही उजाडल्यासारखं वाटतं. सासूबाई गेल्यापासून ते एवढा वेळच मोकळं बोलतात. पण गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.६ निघालं. लोहाची गोळीही चहाबरोबरच घेतात. हे म्हणतात, चहा तोडायचाच. खरंच गरज आहे का?

विश्रामबागेतली ताई: चहा तोडू नका, गोळी आणि चहाची जोडी तोडा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, मग ते अंगी लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या. जेवणावरचा चहाही तासभर पुढे ढकला. आणि या वयात हिमोग्लोबिन का उतरलं, ते डॉक्टरांना विचाराच. नुसत्या गोळ्यांवर राहू नका.

मिरजवाला: गुळाचा चहा द्या, गुळात लोह असतं.

विश्रामबागेतली ताई: दादा, चमचाभर गुळात असून असून किती असणार? त्यातलंही चहा अडवतो. चवीसाठी खुशाल घाला, फक्त दूध शेवटी, नाहीतर फाटतं.

कृष्णाकाठ: मला कढतपणाची जास्त काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलं की ६५ अंशांवरची पेयं पिण्याने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता आहे. दोष चहाचा नाही, उष्णतेचा. ओतल्यावर पाच-सात मिनिटं थांबा. चहातलं कॅफिन तरतरी देतं, थियानिन मन शांत ठेवतं. ते निवल्याने कुठे जात नाही, आणि जीभ न भाजल्यामुळे आलं उलट जास्त लागतं.

हरिपूरची सून: आज कप भरून ठेवला आणि मामंजींना पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांचं, विचारलं. तरुणपणी ते हळदीच्या पेवात उतरायचे. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत हवा खेळू द्यायची, हे हाताने दाखवत सांगत होते. मग २००५ च्या पुरात गेलेल्या पेवांचा विषय निघाला. कप हातात घेतला तेव्हा वाफ विरळ झाली होती. काही न बोलता प्यायले, आणि अर्धा कप आणखी मागितला. गोळी अकराला दिली. मंगळवारी डॉक्टरांकडे जातोय.