युक्रेनमधील पूर्व-पश्चिम दुफळी: वंशाची की राजवटींची?

प्रश्न

युक्रेनमध्ये पश्चिमेला युक्रेनी भाषक आणि पूर्वेला रशियन भाषक असे दोन समाज आहेत, असे वारंवार वाचायला मिळते. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पश्चिम व मध्य भागाने युरोपकडे झुकलेल्या युश्चेन्को यांना, तर पूर्व व दक्षिण भागाने रशियाकडे झुकलेल्या यानुकोविच यांना कौल दिला होता. या दुफळीचे मूळ वंशभेदात आहे, की एकाच लोकसमूहावर निरनिराळ्या राजवटी आल्यामुळे ती पडली? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

माझ्या मते राजवटींचा वाटा फार मोठा आहे. बोहदान ख्मेलनित्स्की यांच्या नेतृत्वाखाली कोसॅकांनी (गवताळ सरहद्दीवरील लढवय्या समाजाने) १६४८ मध्ये पोलंडविरुद्ध बंड केले, १६५४ मध्ये मॉस्कोच्या झारचे संरक्षण स्वीकारले आणि १६६७ च्या आंद्रुसोवो तहानंतर नीपर नदीच्या दोन तीरांवर दोन सत्ता आल्या: पश्चिमेला पोलंड, पूर्वेला मॉस्को. पोलंडच्या फाळण्या झाल्या, तेव्हा १७७२ मध्ये गॅलिशिया (ल्विव्हभोवतीचा पश्चिमेकडील मुलूख) ऑस्ट्रियाकडे गेला आणि नीपरच्या पश्चिमेचा उरलेला बहुतेक मुलूख १७९३ ते १७९५ या काळात रशियाने घेतला.

खरा फरक पडला तो पुढच्या शतकात. रशियन साम्राज्याने १८६३ मध्ये युक्रेनी भाषेतील धार्मिक व शैक्षणिक पुस्तकांवर बंदी घातली आणि १८७६ मध्ये ती आणखी कडक करून परदेशात छापलेली पुस्तके आणणेही रोखले. त्याच काळात ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात ‘प्रोस्विता’ ही संस्था गावोगावी वाचनालये काढत होती, युक्रेनी प्रतिनिधी व्हिएन्नाच्या संसदेत बसत होते, आणि १८९४ मध्ये इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की कीवहून येऊन ल्विव्हच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. धर्माच्या बाबतीतही हेच घडले. १५९६ च्या ब्रेस्त येथील ऐक्यातून निर्माण झालेला, पोपचे आधिपत्य मानूनही पौर्वात्य उपासनापद्धती जपणारा ग्रीक कॅथलिक पंथ झारने आपल्या बहुतेक मुलखात १८३९ मध्ये मोडून काढला. गॅलिशियात मात्र तो लोकांच्या अस्मितेचा कणा बनला, आणि म्हणूनच १९४६ मध्ये सोव्हिएत सत्तेने तिथेही त्याच्यावर घाला घातला.

प्रतिसाद २

वरील विवेचन गॅलिशियापुरते पटते, पण त्यातून २००४ चा नकाशा उलगडत नाही. पोल्तावा, चेर्निहिव्ह आणि सुमी हे पूर्वेकडील प्रांत सतराव्या शतकापासून मॉस्कोच्या छायेखाली असूनही त्यांनी युश्चेन्को यांनाच मते दिली. हा जुना कोसॅक हेटमनांचा, म्हणजे कोसॅक सरदारप्रमुखांचा, मुलूख आहे. यानुकोविच यांना साथ देणारा बराचसा पट्टा वेगळ्या रीतीने घडला: रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या सैन्याने १७७५ मध्ये नीपरच्या खालच्या भागातील झापोरिझियाच्या कोसॅकांचा तळ उद्ध्वस्त केला, १७८३ मध्ये क्रिमिया घेतला, आणि तिथल्या गवताळ प्रदेशात युक्रेनी शेतकऱ्यांबरोबर रशियन, सर्ब, जर्मन व ग्रीकही येऊन वसले. पुढे कोळशामुळे पूर्वेकडील दोनबास या खाणपट्ट्यात रशियातून मजुरांचा ओघ सुरू झाला. वेल्श उद्योजक जॉन ह्यूज यांच्या लोखंडाच्या कारखान्याभोवती वाढलेली युझोव्का ही वसाहत म्हणजेच आजचे दोनेत्स्क. शहरांची भाषा रशियन आणि भोवतालच्या खेड्यांची युक्रेनी, ही घडण या उद्योगांतून झाली.

स्मृतींतील अंतरही विसरू नये. १९३२-३३ च्या, राजसत्तेने लादलेल्या दुष्काळात सोव्हिएत युक्रेनमधील तीस लाखांहून अधिक माणसे मेली. गॅलिशिया व त्याच्या उत्तरेचा वोलिनिया तेव्हा पोलंडमध्ये असल्याने त्यातून वाचले. त्यांच्या वाट्याला सोव्हिएत सत्ता १९३९ मध्ये आली, आणि १९४३ मध्ये वोलिनियात स्वतंत्र युक्रेनसाठी लढणाऱ्या राष्ट्रवादी युक्रेनी बंडखोर सेनेने हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली. ही सेना सोव्हिएत सत्तेशीही लढल्याने तिला ल्विव्हमध्ये मान मिळतो, तर दोनेत्स्कमध्ये अनेक घरांत लाल सैन्यात लढलेल्या आजोबांचा अभिमान असे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग हे भाग मुळातच एकत्र राहू शकत नव्हते, असे समजावे काय?

प्रतिसाद ३

तसे मुळीच समजू नये. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने ९० टक्क्यांहून अधिक मते पडली. दोनेत्स्क आणि लुहान्स्क प्रांतांतही हे प्रमाण ८३ टक्क्यांच्या वर होते. केवळ क्रिमियात ते जेमतेम ५४ टक्के होते, आणि त्यामागे १९४४ मध्ये स्टालिनने तिथल्या तातारांना (तुर्की वंशाच्या मुस्लिम रहिवाशांना) समूळ हद्दपार केल्याने तिथे रशियन बहुसंख्य झाल्याचा इतिहास आहे. २००१ च्या जनगणनेत सुमारे ७८ टक्के लोकांनी स्वतःला युक्रेनी म्हटले, पण युक्रेनी ही मातृभाषा सुमारे ६७ टक्क्यांनीच नोंदवली. म्हणजे रशियन बोलूनही स्वतःला युक्रेनी मानणारे लाखो लोक होते. २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अशाच रशियन भाषक घरातून आलेल्या, क्रिवी रिहच्या झेलेन्स्की यांना पूर्व आणि पश्चिम मिळून ७३ टक्के मते मिळाली. त्यांना नाकारणारा प्रांत एकच होता, आणि तो ल्विव्ह.