हार्डनर वाढवू नका
प्लायवूडची होडी जोडताना थंडीत इपॉक्सी (राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर मिसळून होणारा गोंद) लवकर घट्ट होत नाही, म्हणून हार्डनर थोडा जास्त घालावा का, असं काहीजण विचारतात. कृपया घालू नका! प्रमाण बिघडलं की जोड कायमचा चिकट आणि कमकुवत राहतो, आणि पाण्यात भार त्याच जोडावर येतो. त्याऐवजी थंडीसाठीचा जलद हार्डनर घ्या, दोन्ही डबे उबदार जागी ठेवा, प्लायवूडही आधी गरम होऊ द्या.

रॉकेलचा हीटर मात्र नको. त्यातून निघणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे इपॉक्सीवर मेणचट थर येतो (बंद खोलीत असा हीटर जिवालाही घातक). थर आलाच तर पॉलिश पेपर मारण्याआधी साध्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर वरचा रंग धरणार नाही.