मदत हवी आहे : चित्ररथाच्या फोटोत आडवे पट्टे आलेत, हिरकणी वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, वडगावात राहते. आमचा चौदा जणांचा फोटोग्राफीचा ग्रुप आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावतो आणि प्रत्येकानं महिनाभरात काढलेले पाच-पाच फोटो सगळे मिळून बघतो. काल तशीच बैठक झाली आणि माझा सगळ्यात आवडता फोटो मोठ्या पडद्यावर आला तेव्हा मला धक्काच बसला.

बेळगावची शिवजयंती तिथीनं, वैशाखात होते हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड उभा करतात आणि त्यावर गल्लीतलीच मुलंमाणसं जिवंत देखावा सादर करतात. आमच्या गल्लीनं यंदा हिरकणी केली. नववीतली मुलगी, हिरवं लुगडं, काष्टा घट्ट मारलेला, एक पाय कड्याच्या खोबणीत आणि दुसरा अधांतरी. ट्रॉली थांबली की ही पोरगी जशीच्या तशी स्थिर. वरनं लाल-निळे लाइट, मागं धुराचं मशीन, शेजारी ढोल-ताशा, पण तिची पापणी हलत नव्हती. रामदेव गल्लीच्या तोंडाशी रथ बराच वेळ अडकला, तेव्हा मी बटण दाबून धरलं आणि २३ फोटो घेतले.

कॅमेरा मिररलेस आहे. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२००, शटर १/६४० सेकंद, आणि आवाज नको म्हणून आदल्या आठवड्यात एका लग्नात सायलेंट शटर लावलं होतं ते तसंच राहिलेलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर काहीच कळलं नाही. टीव्हीवर बघितलं तर वरपासून खालपर्यंत चार-पाच आडवे पट्टे, काही काळपट, काही जांभळट. एक तर नेमका तिच्या डोळ्यांवरून गेलाय.

बैठकीत दोन तट पडले. निम्मे म्हणाले कृष्णधवल करून टाक, पट्टे सावलीत खपून जातील. मला ते पटत नाही. हिरवं लुगडं आणि मागचा भगवा काढून घेतला तर त्या रात्रीचं काय उरलं? शिवाय हा फोटो स्पर्धेसाठी नाहीच. त्या मुलीच्या आजीनं ते लुगडं नेसवलं, पण गुडघ्यांमुळं तिला मिरवणुकीला येता आलं नाही. तिला मोठा प्रिंट देईन म्हणून मी शब्द दिलाय.

तेव्हा दोन प्रश्न. हे पट्टे काढता येतील का? आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

खानापूरकर

ताई, आधी कारण सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही. सायलेंट शटरमध्ये मात्र सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांना त्याला १/२५ सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात लाइट चारदा मंद होतो, म्हणून चार पट्टे. तुमचे चार-पाच आलेत म्हणजे हिशेब बरोबर जुळतो.

पुढच्या वेळी मेकॅनिकल शटर (खरा पडदा उघडझाप करणारं) लावा आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा. म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण फेरी मिळते आणि पट्टा पडायला जागाच राहत नाही. मेकॅनिकल शटर लावून १/६४० ठेवलात तर पट्टे नाही दिसणार, पण एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला, कधी अर्धी चौकट पिवळी असं होईल. मेनूत अँटी-फ्लिकर (लाइटच्या लुकलुकण्याशी जुळवून फोटो घेणारी सोय) असेल तर तेही सुरू करा.

शहापूरचा डेकोरेशनवाला

मी ह्या रथांना लाइट लावतो म्हणून सांगतो. खानापूरकर म्हणतात ते घरातल्या विजेला बरोबर. रथावर वीज जनरेटरची असते. लोड वाढला की जनरेटरचे हर्ट्झ खाली-वर होतात, ५० वर पक्के राहत नाहीत. त्यामुळं १/१०० लावूनही पुसटसे पट्टे राहू शकतात. १/५० जास्त भरवशाचा. आणि ते रंगीत पार लाइट (स्टेजचे गोल डबे) आहेत ना, त्यांच्यात लाल, हिरवे, निळे एलईडी वेगवेगळे उघडझाप करतात, आणि ती चाल विजेच्या हर्ट्झवर नसते. जांभळा पट्टा त्यातनंच आला असणार. मंडळाच्या पोरांना आधी सांगितलं तर देखाव्यावर दोन साधे पांढरे हॅलोजन मारता येतात. त्याची तार तापलेली राहते, म्हणून उजेड एवढा लुकलुकत नाही. गरम होतात आणि जनरेटरला जड पडतात, तेवढं बघायला लागतं.

निपाणीहून

पट्टे काढायचं मी सांगते. ताई, तुमच्याकडं २३ फोटो आहेत आणि मुलगी हललेली नाही. जिवंत देखाव्याचा एवढा उपयोग कुणाला झाला नसेल! प्रत्येक फोटोत पट्टा वेगळ्या जागी पडलेला असणार. सगळे एकमेकांवर बसवून त्यांची सरासरी काढली की एकातला काळा भाग दुसऱ्यातल्या उजळ भागानं भरून येतो.

फोटोशॉपमध्ये सगळे फोटो लेयर म्हणून उघडा, ऑटो-अलाइन करा (हातात धरून काढलेत, थोडे सरकलेले असणारच), मग स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोडमध्ये मीन, म्हणजे सरासरी, निवडा. फोटोशॉप नसेल तर हगिन ह्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुळवून गिंप ह्या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेयरची पारदर्शकता वाटून घ्या : सगळ्यात खालचा १००, त्यावरचा ५०, मग ३३, मग २५ टक्के, असं. आणखी एक फायदा म्हणजे आयएसओ ३२०० मुळं आलेला दाणाही (रवाळपणा) मरतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली तर तो एक तृतीयांशावर येतो.

आधी एक तपासा. कॅमेरा सेकंदाला बरोबर १० फोटो घेत असेल आणि लाइट बरोबर १०० वेळा लुकलुकत असेल, तर पट्टे प्रत्येक फोटोत त्याच जागी पडतात आणि सरासरीनं काही होत नाही.

मी (वडगाव)

तपासलं. पट्टे सरकतायत! डेकोरेशनवाले दादा, तुमचा तो डळमळणारा जनरेटरच कामाला आला. उद्या रात्री बसते.

खानापूरकर

बसाल तेव्हा भगव्याकडं लक्ष द्या. लाल लाइटमध्ये भगवा झेंडा म्हणजे लाल रंगाची वाहिनी काठोकाठ भरते, कापडाच्या चुण्या जातात आणि नुसता सपाट केशरी ठिपका राहतो. एकूण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, म्हणून आपण फसतो. लालचा वेगळा बघायचा. रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइल) काढले असतील तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्म्यावर, खाली आणून बघा. विसर्जनाला काढतानाच तेवढं खाली ठेवा.

जाता जाता, परवा बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, गेलो होतो. ती १२०४ सालची. छताचं कमळ काढायला पाठीवर झोपलो आणि एकदम तीन सेकंदांचं एक्स्पोजर घेतलं. दगड स्थिर, उजेड दारातून येणारा, कसली घाई नाही. मिरवणुकीत काढणाऱ्यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं.

मी (वडगाव), चार दिवसांनी

झालं. २३ पैकी धुरानं झाकलेले आणि ट्रॉलीला धक्का बसला तेव्हाचे बाजूला काढले, ११ उरले. जुळवून सरासरी काढली. डोळ्यांवरचा पट्टा पूर्ण गेला. कड्याचा कागद एवढा स्वच्छ दिसतोय की डिंकाचे ओघळ मोजता येतात.

दोन गोष्टी बिघडल्या. फडफडणारा झेंडा सरासरीत धूसर झाला आणि कडेची गर्दी भुतासारखी दिसायला लागली. म्हणून त्या दोन जागा मास्क करून (तेवढाच भाग वेगळा झाकून) एकाच मूळ फोटोतल्या घेतल्या. गर्दीतले पट्टे तसेच ठेवले, अंधारात ते खटकत नाहीत. झेंड्यावरचा एक पट्टा ब्रशनं हातानं उजळला, त्यालाच दोन तास गेले. लाल खाली आणल्यावर चुण्याही परत आल्या, सगळ्या नाहीत, पण कापड वाटतं.

लेझीमच्या मुलींचे चाळीसेक फोटो मात्र ह्या पद्धतीनं सुटणार नाहीत, त्या एक क्षणही थांबत नव्हत्या. त्यांचे कृष्णधवल करणार आहे. बैठकीतल्या त्या निम्म्या मंडळींचं तेवढ्यापुरतं मला पटलं.

१२ × १८ चा मॅट प्रिंट काढला आणि काल संध्याकाळी देऊन आले. चकचकीत कागद घेतला नाही, आजीच्या खाटेवर समोरच ट्यूबलाइट आहे. आजीनं चष्मा लावून आधी चेहरा नाही, काष्टा बघितला. बोट फिरवून म्हणाली, “सुटला न्हाई की गं कुठं.” मग नातीला हाक मारली.