नाथसागरात नुसता कटला-रोहूच का?

गोदाकाठ: परवा पैठणला, जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाकाठी, मासळी घ्यायला गेले. पाट्यांत कटला, रोहू, मृगळ, नाहीतर चिलापी (तिलापिया). वाम, म्हणजे आपल्या नदीतली सापासारखी लांबट मासळी, विचारली तर विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कधीमधी येती, सांगता येत नाही." फार लागलं मनाला. कटला-रोहू मूळचे उत्तरेतल्या गंगेचे, आपल्या गोदामायचे नव्हेत. चिलापी आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली. मग घरच्या माशांचा विचार कुणी करायचा? धरणातून किती किलो निघालं एवढंच मोजू नका, कोणत्या जातीचं निघालं तेही लिहून ठेवा.

भोईवाडा: ताई, नाथसागरावर जाळं टाकून माझं घर चालतं. कटला वर्षात किलोभर होतो. वामीच्या भरवशावर लेकरांची फी भरता येत नाही. अन् शिवडा, मरळ हे शिकारी मासे तर आम्ही धरणात सोडलेलं बीज, म्हणजे माशांची पिलंच, खातात. मासेमारीच्या ठेक्याचे पैसे आम्ही भरायचे, बीजाचे आम्ही द्यायचे आणि पोट शिवड्याचं भरायचं?

सिंदफणा: भाऊंचं बरोबर आहे. आधी पोट.

गोदाकाठ: शिवडा खातो, मान्य. पण नखाएवढं बीज तो सहज गिळतो, चार इंचांच्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिलं, सोडल्या तर बऱ्याच वाचतात. कटला-रोहूला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत, म्हणून दरसाल बीज आणावं लागतं. मरळ काठच्या गवतात स्वतः घरटं करते, पिलं राखते. बीजाचा खर्च शून्य, आणि जिवंत मरळीला भाव रोहूपेक्षा चढा.

पूर्णाथडी: तुम्ही दोघं धरणाचंच बोलताय. आमच्या गावाजवळ वाळू उपसून डोहच संपवले. उन्हाळ्यात नदी आटली की मासे तिथंच तगायचे. डोह नाही तर कसली वाम?

भोईवाडा: डोहांचं खरंय. मोठ्या बोटुकल्यांचंही पटलं, पण चार इंचांपर्यंत वाढवायला तळं लागतं, खाद्य लागतं. तो खर्च शासनानं उचलावा. पावसाळ्यात बंदी असते तेव्हा आम्ही जाळी उचलतो. बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं टाकून गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, मासळी काढणारे वेगळेच. त्यांना आधी अडवा, मग वामीचं माझ्याशी बोला.